लसणाचा लेप

मोनिकाच्या डोक्यातली पहिली चाई तिच्या बापाला, बद्रीनाथलाच दिसली. ती खाली बसून भौतिकशास्त्राची गणितं सोडवत होती. तो चहाचा कप तिच्यापुढं ठेवायला वाकला आणि कानामागं नाण्याएवढी जागा उघडी दिसली. गुळगुळीत, तुकतुकीत. तिथं कधी केस होते असं वाटतच नव्हतं.

"हे काय गं?" तो म्हणाला.

तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. चाचपता चाचपता तिचा चेहरा असा उतरला की, आपण विचारलंच कशाला असं त्याला झालं.

मोनिकाची आई कावेरी घरात नव्हती. देवगाव रंगारीला बद्रीनाथची आई, चतुराबाई, गोठ्यात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता तिला उठवायला-बसवायला माणूस लागायचं, म्हणून सून गावी जाऊन राहिली होती. पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत बाप आणि लेक असे दोघंच. तो वाळूजला कंपनीत मशीनवर, ती बारावी सायन्सला. तो भाजी टाकायचा, ती पोळ्या लाटायची. तसं बरं चाललं होतं.

पण चाई पसरत गेली. एकीच्या दोन झाल्या, दोन्ही एकमेकींना मिळाल्या. सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसायचा. मोनिका तो मुठीत घेऊन गुपचूप कचऱ्यात टाकायची आणि बद्रीनाथ तो कचरा गुपचूप बघायचा. मग डाव्या भुवईचं टोक गेलं.

तो तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. शरीरच कधी कधी स्वतःच्या केसांवर उलटतं, यात कुणाची चूक नाही. डोक्यात बारीक बारीक इंजेक्शनं द्यावी लागतील, काही महिने यावं लागेल. बहुतेकांचे केस परत येतात, पण धीर धरावा लागतो. पहिल्याच वेळी मोनिका सुई टोचताच किंचाळली. तिनं बापाचं मनगट असं धरलं की नखं रुतली. पुढच्या टोचण्या होईपर्यंत तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, "पप्पा, मी परत नाही येणार."

"नको येऊ," तो लगेच म्हणाला. म्हणताना त्याला हलकं वाटलं.

त्यानंतर त्यानं मोबाईल हातात धरला तो सोडलाच नाही. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भाजी शिजेपर्यंत. 'केस परत येण्याचे घरगुती उपाय' असं त्यानं एकदा शोधलं आणि मोबाईलनं त्याला ओळखूनच ठेवलं. एकामागून एक व्हिडिओ. हसऱ्या बायका, त्यांच्या लखलखीत ओट्यावरच्या काचेच्या वाट्या, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. सगळ्याच सांगायच्या, तुमच्या स्वयंपाकघरातच औषध आहे. बद्रीनाथला ते पटायचं. सुई नाही, रडणं नाही, आणि आपल्या हातानं काहीतरी करता येतंय.

कांद्याचा रस झाला. भिजवलेल्या मेथ्यांचा लगदा झाला. जास्वंदीची फुलं, कढीपत्ता उकळलेलं खोबरेल तेल, तांदळाचं आंबवलेलं पाणी. मिक्सरच्या भांड्याला कांद्याचा वास इतका बसला की शेंगदाण्याचं कूट केलं तरी तोच यायचा. मोनिका आधी नाक मुरडायची, मग तिनं तेही सोडलं. तो वाटी घेऊन आला की मान खाली घालून बसायची. रोज सकाळी तो तिच्या डोक्यावर टॉर्च मारून बघायचा.

"आलंय काही?" ती विचारायची.

"बारीक लव दिसतेय," तो म्हणायचा. दिसत काहीच नव्हतं.

बाहेर जायचं म्हटलं तर अडचण नव्हती. ऊन आणि धूळ म्हणून शहरातल्या सगळ्याच पोरी स्टोल गुंडाळून फिरतात, तिच्याकडं कोण बघणार? पण वर्गात स्टोल काढावा लागायचा. त्यावरही बद्रीनाथला एक व्हिडिओ सापडला. कोरफडीच्या गरात कॉफी पावडर कालवायची आणि उघड्या जागेवर थापायची, लांबून केसांसारखं दिसतं. त्यानं स्वतः थापून दिलं. खरंच दिसलं. मोनिकानं आरशात पुन्हा पुन्हा वळून बघितलं आणि हसली. त्या दिवशी ती डबा घेऊन गुणगुणत जिना उतरली.

दुपारी वर्गात पंखा बंद पडला. घामानं कॉफी वितळली आणि तिच्या मानेवरून, पांढऱ्या कुडत्यावर तपकिरी ओघळ उतरले. मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, हिला गंज चढला!" सगळा वर्ग हसला. सरही हसले, मग त्यांनी गप्प बसा म्हणून दटावलं.

दुसऱ्या दिवसापासून मोनिका कॉलेजला गेली नाही. कावेरीचा व्हिडिओ कॉल आला की ती घरातही डोक्याला ओढणी गुंडाळून बसायची.

"काय गं, घरात कशाला बांधलं?" कावेरी विचारायची.

"सर्दी झालीय आई."

"लईच दिवस झाले की सर्दीला. वाफ घे. आणि ह्यांना म्हणावं हळदीचं दूध दे पोरीला."

"व्हय, देतो," बद्रीनाथ मागून म्हणायचा. म्हातारीचं उठणं-बसणं, तिचं रात्रंदिवस कण्हणं यातच कावेरी पिचून गेली होती. तिला आणखी कशाला, असं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

लसणाचा व्हिडिओ त्याला त्याच आठवड्यात मिळाला. त्यात एक माणूस होता, डॉक्टरसारखा पांढरा कोट घातलेला. तो म्हणाला, बाकीचे उपाय वरवरचे, चाईवर एकच जालीम औषध. कच्चा लसूण आणि आलं खलबत्त्यात कुटायचं, त्यात काळ्या मिऱ्याची पूड, जाड लेप द्यायचा आणि वरून प्लॅस्टिक बांधायचं. जळजळ होईल. घाबरू नका. जळजळ झाली म्हणजे मेलेली मुळं जागी होतायत. खाली शेकडो लोकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच बद्रीनाथ शहागंजच्या बाजारात गेला. गावरान लसूण हवा, असं व्हिडिओत निक्षून सांगितलं होतं. त्यानं बारीक, तिखट पाकळ्यांचा लसूण हुंगून हुंगून निवडला. घरी येऊन सोलायला बसला. बोटांची सालं निघाली. कुटता कुटता तो गावाकडचं काहीबाही सांगत होता, लहानपणी विहिरीत पोहायला कसा शिकला ते. मोनिका उंबऱ्यात बसून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी बाप असा हसत, मोकळा बोलत होता.

विहिरीचं सांगता सांगताच लेप लावून झाला. वर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर कावेरीच्या जुन्या साडीची पट्टी घट्ट.

"जळतंय का?"

"थोडं."

"जळणारच. तो म्हणला तसंच चाललंय बघ!" बद्रीनाथचा चेहरा उजळला. "आज तुला शिरा करतो."

तो रवा भाजायला लागला. मोनिका खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं गज धरले होते. मधून मधून तो विचारायचा, "सोडू का?" ती पाठमोरीच मान हलवून नको म्हणायची. शिरा झाला, त्यानं वाटीत काढला. तिनं मान खाली घालून दोन घास कसेबसे गिळले आणि पुन्हा गजांपाशी गेली.

तेवढ्यात दार वाजलं. लाइबा होती, मोनिकाची वर्गातली मैत्रीण. प्रॅक्टिकलच्या परीक्षेची तारीख लागली होती आणि मोनिका फोन उचलत नव्हती, म्हणून ती घरीच आली होती. मोनिका पाठमोरीच हात हलवून दार उघडू नका म्हणून खुणावत होती, पण बद्रीनाथनं उघडलं.

लाइबा आत आली आणि दारातच थबकली. "मोना? तू रो रही क्या?"

तेव्हा बद्रीनाथनं लेकीचा चेहरा समोरून बघितला. डोळे लाल, गालांवर पाण्याच्या धारा, खालचा ओठ दातांखाली दाबून पांढरा पडलेला.

"क्या लगाया काका?"

"लसूण... लसणाचा लेप हाय. जळतंच ते. त्यानं मुळं..."

लाइबानं पुढचं ऐकलं नाही. तिनं पट्टीची गाठ सोडली, प्लॅस्टिक उचललं. त्याबरोबर मोनिकाच्या तोंडून असा आवाज निघाला की बद्रीनाथच्या हातातली वाटी सुटली. प्लॅस्टिकला लेप चिकटला होता आणि लेपाला कातडी. खाली लालभडक मांस ओलं चमकत होतं, कडेनं पाण्यानं भरलेले फोड टरारले होते.

"काका, ये जल गया है!" लाइबा ओरडली. "पाणी सोडा आधी. और रिक्षा बुलाओ, जल्दी!"

तिनं मोनिकाला मोरीत नेऊन डोक्यावर नळाची धार धरली. बद्रीनाथ रिक्षा आणायला धावला. चप्पल घालायची राहिली, ते त्याला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली.  मग म्हणाल्या, "तुम्ही परत का नाही आलात?"

"ती किंचाळली होती, बाई," बद्रीनाथ म्हणाला. "मला बघवलं नाही."

त्याच्या पलीकडं मोनिका पलंगावर पालथी पडून थरथरत होती. 

"जखम भरेल," त्या म्हणाल्या. "बाकीच्या चाईचे केस येतील, मी आधीच सांगितलं होतं. पण कातडी खोल भाजलीय तिथं मुळंच उरली नसतील. तिथं येतील असं मी सांगू शकत नाही. आणि ड्रेसिंगसाठी आजूबाजूचे केस काढावे लागतील. सिस्टर काढतील."

"इथं नको," मोनिका पालथ्याच तोंडानं म्हणाली. "पप्पा काढतील. घरी."

डॉक्टरीणबाईंनी जखमेवर तात्पुरती जाळी ठेवली आणि केस काढून उद्या ड्रेसिंगला या म्हणाल्या. लाइबा घरापर्यंत आली, मोनिकाला आडवं करून, उद्या येते म्हणून गेली. बद्रीनाथनं कात्री उकळत्या पाण्यात घातली. ती काढायला तो उकळत्या पाण्यात बोटं घालायला निघाला, तेव्हा मोनिकानंच त्याला म्हटलं, "बसा आधी. पाणी प्या."

त्यानं जखमेच्या कडेचे केस कापायला सुरुवात केली. लांब, काळे, जाड केस. लहानपणी जावळ काढताना न्हाव्यानं म्हटलं होतं, पोरीच्या केसानं वस्तऱ्याची धार गेली. एवढे दिवस एकेका केसासाठी तो टॉर्च मारत होता आणि आता असलेले, धडधाकट केस स्वतःच्या हातानं कापून वर्तमानपत्रावर टाकत होता.

"पप्पा, सगळेच काढा."

"नको गं."

"अर्धे ठेवून काय करू? काढा."

तो कापत राहिला. 

"लावल्या लावल्याच आग झाली होती," ती हळूच म्हणाली.

त्याची कात्री थांबली. "मग बोलली का नाय?"

"तुम्ही विहिरीचं सांगत होता ना. आई गावी गेल्यापासून तुम्हाला असं हसताना बघितलंच नव्हतं. म्हटलं, सोसू थोडं."

बद्रीनाथनं कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडताना त्याच्या हाताचा लसणाचा वास त्याच्याच नाकात गेला आणि तो उठून मोरीत ओकला.

मग त्यानं कावेरीला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

कावेरी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली. म्हातारीला शेजारच्या सरूबाईच्या हवाली करून आली होती. आल्या आल्या तिनं मोनिकाला जवळ घेतलं, तिच्या गळ्याशी तोंड लपवून रडली. मग बद्रीनाथकडं वळली.

"पोरीला सर्दी झाली म्हणून मला सांगत होता? मी काय परकी हाय का? कोणी कुठला माणूस मोबाईलवर बोलला ते पटलं, अन् मला विचारावं वाटलं नाय?"

"तुला आधीच तिकडं लई ताण होता..."

"ताण मला होता, भाजली ती!"

  पुढचे कितीतरी दिवस कावेरी त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मोनिका गेली. लाइबा तिला घ्यायला आली होती. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेले, म्हणून बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सगळ्या मुलींना ओढण्या-स्टोल काढायला सांगितलं. मोनिका क्षणभर उभी राहिली. मग तिनं स्टोल सोडला, घडी करून बॅगेत ठेवला. डोक्यावर केसांचे खुंट आणि पांढरी पट्टी. कोणी हसलं नाही, पण सगळे बघत होते आणि ते बघणं प्रयोग संपेपर्यंत तिच्या पाठीवर होतं. घरी येऊन ती म्हणाली, "एक रीडिंग चुकलं माझं." एवढंच बोलून ती आत जाऊन झोपली.

डॉक्टरीणबाईंची इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. म्हातारी आता काठीच्या आधारानं उठते, म्हणून कावेरी सोबत जाते. उन्हाळ्याच्या शेवटी कानामागच्या पहिल्या जागेवर लव आली, पांढरी, शेळीच्या करडाच्या अंगावर असते तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळी होईल हळूहळू. भाजलेली जागा मात्र तशीच राहिली, ताणलेली, चकचकीत. ऊन लागलं की तिथं खाज सुटते.

एकदा संध्याकाळी बद्रीनाथ भेंडी चिरत होता. मोनिका ओट्याशी पाणी प्यायला आली. त्यानं मान वर न करताच विचारलं, "मोना, माझा राग येतो का गं?"

तिनं पेला ओट्यावर ठेवला.

"येतो," ती म्हणाली. "कधी कधी लई येतो."

"येऊ दे," तो म्हणाला.

ती आत गेली नाही. तिथंच उभी राहून त्यानं चिरलेल्या भेंडीतली किडकी निवडून बाजूला टाकत राहिली.