घरात कोणी नव्हतं

पेनायाचं पत्र मला एकोणतीस वर्षांपूर्वी आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. विसरलो असं नाही; विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवलं आहे, आणि शब्द अडला की मी तो शब्दकोश न उघडता दुसऱ्या शब्दावर भागवतो.

पेनाया माझा मामेभाऊ. आमच्या फिजीत मामेभावाला काहीही बोलायची मुभा असते. ऐकणाऱ्याने रागवायचं नसतं, तोडीस तोड उत्तर द्यायचं असतं. या खेळात मी लहानपणापासून हरत आलो.

माझ्या बायकोला, उनाईसीला, इस्पितळात नोकरी मिळाली म्हणून आम्ही मुलांना घेऊन सुवाहून सिडनीला आलो. शहराच्या उत्तरेला वरुंगात राहिलो, ते शाळेसाठी. जुनी झाडं, कापलेली हिरवळ, आणि सकाळी स्टेशनवर रोज आपापल्या ठरलेल्या जागी उभी राहून एकमेकांशी न बोलणारी माणसं. ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करणाऱ्या मला ते आवडलं, हेही सांगायला हवं.

पहिल्याच आठवड्यात चूक झाली. आम्ही पुढच्या व्हरांड्यात जेवत होतो. एक गृहस्थ कुत्रा फिरवत चालले होते. मी हाक मारली, "या, जेवायला या!" आमच्याकडे जेवताना वाटसरू दिसला की बोलवायचंच असतं, आणि त्याने "पोट भरलंय, जेवा तुम्ही" म्हणून पुढे जायचं असतं. हे गृहस्थ फाटकाशी येऊन म्हणाले, "काही मदत हवी आहे का?"

दुसऱ्या दिवशी तेरा वर्षांच्या लवेनियाने शाळेतून येऊन दप्तर आपटलं.

"बाबा, हॅरिएटच्या वडिलांना तुम्ही रस्त्यावरून जेवायला बोलावलंत?"

"आपली रीत आहे, बाळा."

"रीत तिकडे! इथे सगळा वर्ग मला 'या, जेवायला या' म्हणून हाका मारतोय."

त्या संध्याकाळी मी टेबल आतल्या खोलीत नेलं आणि पडदे लावले.

वर्षभराने हॅरिएट आणि तिचे आईवडील आमच्याकडे रविवारी जेवायला आले. रीतसर, तीन आठवडे आधी ठरवून. उनाईसी कामावर होती, धाकटा मुलगा मित्राकडे. मी मटण भाजलं होतं. पहिला घास घेतला आणि बाहेरून आवाज आला.

"ए पुस्तकातल्या वाळवी! बाहेर ये! किती लपशील?"

पेनाया. चर्चच्या गायकांबरोबर सिडनीला आला असणार. पडद्याच्या फटीतून दिसला: फुलाफुलांचा शर्ट, कमरेला गुंडाळलेलं, गुडघ्याखालपर्यंतचं वस्त्र, हातात चपला, खांद्यावर चटईची गुंडाळी. घंटी वाजवणं त्याला सुचणारच नव्हतं. आपण हाक मारायची, मग घरच्याने "ये" म्हणेपर्यंत बाहेर थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक.

पाहुण्यांना भाषा कळत नव्हती. लवेनियाला कळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोणी आलंय का?" हॅरिएटच्या आईने विचारलं.

"पत्ता चुकलेला दिसतोय कुणीतरी," मी म्हणालो, आणि त्यांना आणखी बटाटे वाढले.

त्याने तीनदा हाक मारली. मग फाटकाबाहेर गवतावर बसून राहिला. आम्ही गोड खाईपर्यंत तो बसलेला होता. पाहुणे निघाले तेव्हा रस्ता मोकळा होता. पायरीवर चटई होती, कडेला लाल-हिरव्या लोकरीची झालर असलेली. त्याच्या बहिणीने विणलेली.

महिन्याभराने पत्र आलं. "तुझ्या घरी आलो होतो. घरात कोणी नव्हतं. पण काटे-चमचे आपोआप वाजत होते आणि मटणाचा वास सुटला होता. भुताटकी आहे रे, वाळवी! पाद्री बोलाव, नाहीतर घर बदल."

मला सुटकेची वाट दिली होती त्याने. एक विनोद परत पाठवला असता तरी पुरलं असतं. रोज एक सुचायचा, आणि रोज बटाट्यांची वाटी आठवायची.

उनाईसीला जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात लवेनिया निरोप घ्यायला आली. नवरा-मुलांसह लंडनला चालली आहे. शहराबाहेर चांगली शाळा पाहून घर घेतलंय. कपाट आवरताना तिने ती चटई बाहेर काढली. एकदाही न उलगडलेली.

"पेनायाकाकांची," ती म्हणाली. "त्या रविवारची."

"तुला आठवतं?" मी म्हणालो. "तुला लाज वाटू नये म्हणून मी..."

"मला वाटत होतीच लाज. पण मी वाट बघत होते, बाबा. तुम्ही उठाल म्हणून."

एकोणतीस वर्षं मी ते तिच्या नावावर घातलं होतं.

ती गेल्यावर मी चटई खोलीत अंथरली, तिच्यावर बसलो. पेनाया अजून गावातच आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे, असं कळतं. मी चार कागद फाडले. पहिल्या तिन्हींत कारणं होती, चौथ्यात विनोद. पाचव्यावर लिहिलं:

"पेनाया, भुताटकी नव्हती. आम्ही घरात होतो. जेवत होतो. मी तुला पाहिलं, आणि बोलावलं नाही. इलाईतिया."

स्टेशनजवळच्या लाल पेटीपर्यंत चालत गेलो, आणि पत्र टाकलं.