मधली रिकामी जागा

दादानं आमच्या स्वेटर विणायच्या मशीनचा मेंदू, म्हणजे तिचा प्रोग्रॅम, स्वतः लिहिला होता. मी बापडा सुया बदलणारा. दादा गेला, त्याचा कॉम्प्युटरही भंगारात गेला. उरली फक्त मशीनच्या पोटातली चिप. तीही अधूनमधून रुसायला लागली, म्हणून दादाची पोरगी तिच्यातला प्रोग्रॅम नव्या चिपवर उतरवायला आली. मला मशीनचं फारसं काही नव्हतं हो. आतमध्ये दादाचं काहीतरी राहिलं असेल, एखादा शब्द तरी, एवढीच हाव.

चिपमधले आकडे उलगडून दाखवणारं एक टूल तिनं लॅपटॉपवर उघडलं.

"यात दादा कुठं बोलतोय?" मी विचारलं.

"काका, शब्द नसतात इथं. बाबांनी दिलेली नावं माणसांसाठी होती. मशीनला नुसते पत्ते पुरतात, काय कितव्या घरात ठेवलंय त्याचे आकडे."

तोंडच कडू झालं माझं. पण बघत बसलो. प्रोग्रॅमचा एकेक तुकडा म्हणजे मशीनचं एकेक काम, आणि प्रत्येक कामाचे पत्ते शून्यापासून मोजलेले.

"सगळ्यांचाच नंबर शून्य? अशा गल्लीत पोस्टमन वेडा होईल की गं!"

"वाचायला सोपं पडतं म्हणून टूल तसं दाखवतं. थांबा, पूर्ण पत्ते लावते. नाहीतर गप्प बसणार नाही तुम्ही."

पत्ते बदलले. एक काम संपलं, पुढचं सुरू झालं, आणि आकड्यानं मधेच मोठी उडी मारली.

"मधलं कुठं गेलं?"

"रिकामं आहे. टूल लपवतं ते."

"दाखव."

दाखवलं. प्रत्येक कामानंतर मोकळी जागा. भिंतीला खिळेसुद्धा लांब लांब ठोकायचा हा माणूस! विचारलं तर म्हणायचा, "उद्या काही टांगायचं झालं तर?"

पोरगी मधेच थबकली. "हे बघा काका. एक स्वेटर पुरा झाला की प्रोग्रॅम या पत्त्यावर जातो. तिथं कामच नाही. दारातून परत फिरतो."

मग मी तिला सांगितलं. स्वेटर पुरा झाला की मशीननं शीळ घालावी, असं मीच दादाच्या मागं लागलो होतो. माझी पाठ असते ना तिकडं. "बघू," म्हणाला होता. मला वाटलं, टाळतोय. आणि यानं तर जागा धरून ठेवलेली. त्यानंतर तो आजारीच पडला.

ऐकून पोरीनं नाक ओढलं. "मी लिहू शीळ? जागा भरपूर आहे."

"लिहिलीस तर छानच वाजेल."

"मग?"

"मग त्याची वाट बघायचं संपेल गं."

सगळं होतं तसं, रिकाम्या जागेसकट नव्या चिपवर उतरवलं तिनं. मशीन सुरू केलं. स्वेटर पुरा होईस्तोवर आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे होतो. शेवटची ओळ झाली, सुया थांबल्या. मी श्वास धरून कान दिला.

"वाजणार नाहीये काका," ती हळूच म्हणाली.

"माहितीये. तू जरा गप्प उभी राहा."