पावणेआठ फुटांचं प्लास्टिक

या वेळचं गिऱ्हाईक, कुलूपवाला, जेमतेम पाच फुटी. मग दाजींनी प्लास्टिक पावणेआठ फूट का कापलं?

सकाळपासून लंबूच्या डोक्यात हा किडा वळवळत होता. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे शिंपी. माणसं संपवून गुंडाळायच्या धंद्यात दोघं एकत्रच पडले, पण दाजींची शिस्त काही सुटली नाही. नुसत्या नजरेनं माप घ्यायचं, डोक्याकडे एक वीत, पायाकडे एक वीत जास्त धरायची आणि आदल्या दिवशीच कापून ठेवायचं. बारा वर्षांत वीतभर तुकडा वाया गेला नव्हता.

लंबूनं दोन विती वजा केल्या. उरले सव्वासहा फूट. अनवाणी तो नेमका तेवढाच भरायचा.

बंद लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत दाजी शांतपणे स्वतःच्या शर्टाला इस्त्री करत होते. मघाशी त्यांनी न मागता चहा दिला होता. लंबूनं तो गुपचूप मोरीत ओतला. फार वाईट वाटलं त्याला. त्याला गोळी लागली तेव्हा याच माणसानं टाके घातले होते, तेही दुहेरी.

शेवटी त्यानं बाहेर जाऊन, दोघांना कामं देणाऱ्या साहेबांना फोन लावला. "दाजी फिरलेत, साहेब. माझ्या मापाचं कापलंय."

साहेब म्हणाले, "त्याला धरून ठेव. मी येतोच."

लंबूच्या जिवात जीव आला. आत येऊन त्यानं दाजींना खुर्चीला बांधलं आणि डाव्या हाताची करंगळी मोडली. कात्रीला ती लागत नाही, एवढा विचार त्यानं केला होता.

"कुणासाठी कापलंत?"

"साहेबासाठी, गाढवा!" दाजी कळवळले. "तुला उडवायला सांगितलं त्यानं मला. तुझ्या ताईला काय तोंड दाखवणार होतो मी? म्हटलं, त्यालाच गुंडाळू. तोही तुझ्यासारखाच ताडमाड."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

लंबूनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "दाजी, मी त्यांना फोन केलाय."

बाहेर गाडी थांबली. एकामागून एक चार दारं आपटली. लंबूनं दोरी सोडली.

"तुम्ही मागच्या दारानं निघा. ताईला सांगा, चूक माझी होती."

दाजी उठले. मोडकी करंगळी सांभाळत त्यांनी उजव्या हातात तापलेली इस्त्री घेतली आणि लंबूच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ते तूच सांग. मला तिची भीती वाटते."

दारावर थाप पडली.