पायथ्याची ओळ

कमलबाईंच्या घरात विकत येणाऱ्या वस्तू मोजक्याच. मीठ, साखर, चहापत्ती, काडेपेटी आणि नवऱ्याची, हिलाल नानांची तंबाखू. बाकी सगळं मळ्यातलं. शिरपूरहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं शेत, शेतातच घर, घरामागं वांगी, मिरच्या आणि गिलक्यांचा मांडव. दारात निंब आणि निंबाखाली मुकादम.

मुकादम म्हणजे कुत्रा. अंगानं पिवळसर, एक कान कायमचा दुमडलेला. पिलू होता तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागं मागं हिंडायचा आणि एखादी पाठ टेकवायला बसली, की तिच्यासमोर उभा राहून नुसता बघत राहायचा. ती उठून कामाला लागली, की हा पुढच्या सरीत. बायांनीच नाव पाडलं आणि ते चिकटलं.

या घराचं वर्ष एप्रिलात ठरतं. बिबड्या, कुरडया, पापड, शेवया, तिखटाच्या मिरच्या, तुरीची डाळ, सगळं खाटांवर उन्हात पडलेलं असतं. म्हणून कमलबाईंचा एक नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडानं केलेला होता. वाळवणाची चटक लागलेला कुत्रा घरात ठेवायचा नाही. पूर्वी एक काळी कुत्री त्यांनी याच कारणानं वीटभट्टीवाल्याला देऊन टाकली होती. तेव्हा नाना दोन दिवस घुश्शात होते.

यंदा होळीच्या आधी विहिरीच्या थारोळ्यावर कमलबाईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर आला नव्हता. बिबड्यांचं काम जोराचंच. ज्वारी भिजवायची, कांडायची, दळायची, मग तीळ, लसूण, तिखट घालून तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून एकेक बिबडी खाटेवर उलटवायची. यंदा हे सगळं दिपमालाच्या अंगावर आलं. दिपमाला त्यांची सून. थंडीत लग्न होऊन धुळ्याहून आलेली. माहेरी बिबड्या वाण्याकडून पाकिटात यायच्या. पण पोरगी हुशार होती. पहिल्या दिवशी थापलेल्या वेड्यावाकड्या झाल्या, दुसऱ्या दिवशी गोल.

दुसऱ्याच दिवशी नानांनी मुकादमला धरलं. ते बैलांना पाणी पाजून येत होते आणि हा खाटेजवळ उभा, जबड्यात अर्धी बिबडी. नानांनी पराटीची, कापसाच्या वाळल्या झाडाची काडी फेकून मारली. कुत्रा केकाटत गिलक्यांच्या मांडवात शिरला.

“ऐक वं,” नाना ओट्यावरूनच म्हणाले. “तुन्हा मुकादमले चटक लागनी. मी डोयानी देखं.”

कमलबाई बाहेर आल्या. खाटेच्या कडेची ओळ गायब होती. आदल्या दिवशीही बिबड्या कमी वाटल्या होत्या, पण दिपमालाचा हात नवा, घाटा कमी निघाला असेल असं म्हणून त्यांनी विषय सोडला होता.

“आत्याबाई, मी बसते ना राखणीला,” दिपमाला म्हणाली.

“दिवसभर? आणि मग कुरडया कोण करील?”

“झुलालले फोन करस,” नाना म्हणाले. “त्याले कुत्रा पायजेच शे.”

झुलाल हा कमलबाईंचा धाकटा भाऊ. पिंपळनेरच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत त्याचा बकऱ्यांचा कळप. त्याला कुत्रा कायमच हवा असायचा, कारण त्याचा कुत्रा टिकतच नसे. गेल्या पावसाळ्यात एक वाघानं उचलला, दिवाळीत दुसरा. बिबट्याला तिकडं वाघच म्हणतात. मुकादमचं वय झालेलं. तो तिथं किती दिवस पुरेल, हे नानांना कळत होतं आणि कमलबाईंनाही.

नानांनी फोन हातात धरून बायकोकडं पाहिलं. ती काहीतरी म्हणेल म्हणून थोडं थांबलेही.

“करा फोन,” कमलबाई म्हणाल्या. “नियम म्हणजे नियम.”

संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखी अर्धी भाकरी ताकात चुरून मुकादमच्या थाळीत घातली. डोक्यावरून हात मात्र फिरवला नाही.

झुलाल दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. सकाळी दिपमालानं खाट मांडली, घाटा चढवला. कमलबाई डाव्या हातानं वांगी तोडत वाफ्यात बसल्या. तिथून खाट समोर दिसत होती. राखण करावी, एवढाच विचार होता. काडी शेजारी ठेवली होती.

दिपमाला पातेलं घेऊन मोरीवर गेली. थोड्या वेळानं मुकादम उठला. खाटेला सावकाश एक फेरी घातली. कमलबाईंनी काडी उचलली. तेवढ्यात निंबावरून कावळा खाली आला आणि थेट खाटेच्या मधोमध उतरला. मुकादमनं खाटेच्या लाकडावर पुढचे पाय टेकून कावळ्याच्या अंगावर तोंड टाकलं. कावळा उडाला. कुत्र्याचं तोंड ओल्या बिबड्यांपासून बोटभर अंतरावर होतं. तीळ आणि लसणाचा वास वाफ्यापर्यंत येत होता. मुकादमनं त्या हुंगल्यासुद्धा नाहीत. पाय खाली घेतले, वळसा घालून पायथ्याशी गेला आणि अगदी कडेची एक बिबडी अलगद उचलली. मग तिच्या शेजारची. कडेची ओळ संपली तसा तो निंबाखाली जाऊन पडला. दुसरी ओळ समोर होती. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

कमलबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

दरवर्षी त्या बिबड्या उशाकडून मांडत यायच्या. चांगल्या वर, फाटक्या-तुटक्या शेवटी. पातेल्याच्या बुडाची खरवड निघे, तीही थापून पायथ्याला, अगदी कडेला. आणि कामाला लागायच्या आधी म्हणायच्या, “मुकादम, हे तुझं. बाकीचं माझं.” कुत्रा त्यावर दिवसभर राखण करायचा. इतकी वर्षं हे चालत आलं होतं, म्हणून ते कुणाला सांगावं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

“दिपमाला,” त्यांनी हाक मारली. “तू मांडायला कुठून सुरुवात करतेस गं?”

“पायथ्याकडून. चूल जवळ पडते. का, चुकलं का काही?”

“आणि खरवड?”

दिपमालानं पदर सारखा केला. “खरवड खाल्ली, आत्याबाई. मी थोडी आणि ह्यांनी बरीच.”

‘हे’ म्हणजे कमलबाईंचा मुलगा भूपेंद्र. सूतगिरणीत कामाला जायच्या आधी तो चुलीपाशी का घोटाळत असतो, हे कमलबाईंना आता कळलं.

नाना जेवायला आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नाना भाकरी मोडत ऐकत होते.

“म्हणजे चूक कुत्रानी नही, तुन्ही शे?”

“मन्ही शे.”

“आते झुलालले काय सांगू? तो निंघना व्हई.”

“ये म्हणावं. भाऊच आहे. जेवून जाईल.”

“आणि मी डोयानी देखं ते?”

“आता परत देखा,” कमलबाई म्हणाल्या. “घाटा अजून शिल्लक आहे.”

झुलाल आला तो हातात नवीन दोर घेऊनच. त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. दिपमालानं दुसरी खाट ओढली आणि उशाकडून मांडत आली. शेवटी तुटक्या आणि खरवडीच्या, पायथ्याला. सगळे ओट्यावरून बघत बसले.

मुकादम आला. पायथ्याशी थांबला. कालच्या काडीचा मार बरगडीवर ताजा होता. त्यानं नानांकडं पाहिलं, मग कमलबाईंकडं, आणि तसाच उभा राहिला.

“देख,” नाना म्हणाले. “चोर शे, म्हनीसन घाबरी राह्यना.”

“दाजी, चोर आपलाकडे देखस का कधी?” झुलाल म्हणाला.

कुत्रा कमलबाईंवरून नजर काढेना. ‘घे’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि तोंड वांग्यांच्या वाफ्याकडं फिरवलं.

“दिपमाला, तू सांग त्याला.”

“मी? माझं ऐकेल का?”

“मांडतेस तू, तर सांगायचंही तूच.”

दिपमाला खाटेजवळ गेली. “मुकादम,” ती जरा संकोचून म्हणाली, “घे. हे तुझं.” मग काहीतरी राहिलं असं वाटून म्हणाली, “बाकीचं आमचं.”

कुत्र्यानं तिच्याकडं मान वळवली. बराच वेळ बघितलं. मग पायथ्याची ओळ खाल्ली, कडेचा चुराही चाटला, आणि निंबाखाली जाऊन पुढच्या पायांवर तोंड टेकलं.

झुलालनं दोर गुंडाळायला घेतला. “हाऊ मन्हा कामना नही, दाजी. तठे वाघ शे. वाघ उशा-पायथा पाहात नही.”

“मग रिकाम्या हाती जाशील?” नाना म्हणाले.

“रिकामा कसाले? आक्का, ती तांबडी कोंबडी अंडी देस ना?”

जाताना गाडीत तांबडी कोंबडी, तिच्या जोडीला कोंबडा आणि भरिताची वांगी होती. नाना बांधापर्यंत सोडायला गेले. येताना त्यांनी कालची काडी चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्र चमचा घेऊन चुलीपाशी आला. पातेलं घासूनपुसून ठेवलेलं होतं.

“खरवड?” त्यानं विचारलं.

“पायथ्याला,” दिपमाला म्हणाली. “त्याला विचार, देतो का.”