कैलासासाठी जोडीदार

आईच्या तेराव्याची माणसं जेवून गेली, पातेली घासून पालथी घातली, आणि डोंबिवलीच्या त्या घरात घरचे तिघेच उरले तेव्हा सरस्वतीने विषय काढला.

"मंदाताई, आता इथे एकट्या काय करणार तुम्ही? पुण्याला या आमच्याकडे. प्राप्ती पुढच्या महिन्यात कामावर जायला लागेल. बाळाजवळ घरचं माणूस असलेलं बरं."

सरस्वती म्हणजे मंदाकिनीच्या धाकट्या भावाची, गुरुदत्तची बायको; प्राप्ती त्यांची सून. बोलण्यात वाईट काही नव्हतं. गुरुदत्त मात्र सतरंजीची घडी पुन्हा पुन्हा घालत होता, म्हणजे हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. मंदाकिनीने आधी वडिलांचं आजारपण काढलं होतं, मग आईचं. आईसाठी तिने विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडली. लग्नाचं वय त्या आधीच कधीतरी निघून गेलं. आत्ता आपण गप्प बसलो, तर महिन्याभरात पुण्यात दुधाची बाटली उकळत उभ्या असू, हे तिला लख्ख दिसलं.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "मी कैलास-मानसरोवरला जाणार आहे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. परवा आईच्या पेन्शनच्या कामासाठी ती ठाण्याला गेली होती. टेंभी नाक्यावर रिक्षाची वाट बघताना ती एका यात्रा कंपनीच्या बोर्डाखाली सावलीला उभी राहिली होती. बोर्डावर निळ्या आभाळात एक पांढरा डोंगर होता. कैलासाशी तिची ओळख तेवढीच.

"कधी?" गुरुदत्तने विचारलं.

"मेमध्ये."

तो विषय तिथे मिटला. पण पुण्याला गेल्यावर सरस्वतीने चार ठिकाणी सांगितलं, ते फिरून डोंबिवलीत आलं, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारू लागला. मग एक दिवस मंदाकिनी खरंच टेंभी नाक्याला गेली.

यात्रा कंपनी धनेश नावाच्या माणसाची होती. त्याने तिला नकाशा दाखवला. काठमांडूपर्यंत विमान, तिथून गाडीने तिबेट, मानसरोवर, मग डोंगराभोवती तीन दिवसांची परिक्रमा. "डोलमा खिंड अठरा हजार फुटांच्या वर आहे," तो म्हणाला. "तिथे श्वास पुरत नाही. सराव करावा लागेल. आणि तिथे आपणच असतो असं नाही. तिबेटी बौद्ध लोक तर अख्खी परिक्रमा लोटांगण घालत करतात. त्यांचंही ते तीर्थच."

"मला चालायची सवय आहे," मंदाकिनी म्हणाली. खरं तर तिला बिछाना ते स्वयंपाकघर एवढंच चालायची सवय होती.

"सोबत कोण?"

"कुणी नाही."

धनेश जरा थांबला. "आमच्याकडे सगळे जोडीने येतात. खोल्या, तंबू, सगळं दोघांत असतं. एक बाई आहेत तुमच्यासारख्याच एकट्या, बाळकुमच्या. तुमची गाठ घालून देतो."

त्या बाई म्हणजे कलावती. ठाण्यातल्याच बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. आजूबाजूला टॉवर उठले, मुलगा संदेश त्यातल्याच एकात राहायला गेला, पण कलावती खाडीकडच्या आपल्या बैठ्या घरातच राहिली होती. सकाळी बाजारात मासळी विकायची, दुपारी झोपायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने मंदाकिनीला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "घोरतेस काय?"

"माहीत नाही. मला कुणी सांगितलेलं नाही."

"मी घोरते. आधीच सांगून ठेवते."

दर रविवारी दोघी येऊरच्या डोंगराचा चढ चढू लागल्या. पहिल्या दिवशी मंदाकिनी अर्ध्यातच दगडावर बसली. कलावती पुढे गेली, परत आली आणि शेजारी बसून तिने पिशवीतून बोरं काढली. पुढे मुंब्रादेवीच्या डोंगराच्या पायऱ्या, मग पाठीवर तांदळाची पिशवी बांधून त्याच पायऱ्या. कलावती चालताना बोलायची. मंदाकिनीला चालताना बोलणं जमायचं नाही, त्यामुळे ती ऐकायची. आणि मग आठवडाभर घरात एकटीच बसून ते सगळं पुन्हा आठवायची.

एकदा तिने विचारलं, "कलावती, तू कैलासाला का निघालीस? नवस आहे?"

"नवस कसला. मला बरफ बघाचाय. जलमभर बरफात हात घातलेत, पन तो फॅक्टरीतला. देवाने केलेला कसा असतो, तो बघाचाय." मग तिने विचारलं, "आनि तू?"

मंदाकिनीने तेराव्याची गोष्ट सांगितली. कलावती एवढी हसली की तिला कठडा धरून उभं राहावं लागलं. मंदाकिनीलाही हसू आलं. किती दिवसांनी आपण आवाज करून हसतोय, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबरोबर हसू थांबलं.

मार्चपर्यंत तिने लोकरी बनियन, कानटोपी, जाड बूट, सगळं घेतलं. हातमोज्यांची एक जोडी कलावतीसाठीही घेतली. सोसायटीने एका रविवारी गच्चीवर छोटा समारंभ केला. सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ दिलं. खालच्या मजल्यावरच्या मुकुलच्या आईने पाया पडून सांगितलं, "आमच्यासाठीही मागा हो काहीतरी." तिला नावाने ओळखणारे इतके लोक त्या इमारतीत असतील, असं मंदाकिनीला वाटलं नव्हतं.

निघायच्या आधी शेवटची वैद्यकीय तपासणी होती. फिरत्या पट्ट्यावर चालवून कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला, मग तिला बसायला सांगितलं.

"घाबरण्यासारखं काही नाही. इथे तुम्ही खुशाल ऐंशी-नव्वद वर्षं जगाल. पण हे हृदय घेऊन त्या उंचीवर जाऊ नका."

"मी येऊर चढते," ती म्हणाली.

"येऊर नाही हो ते."

धनेशने पैसे परत करायची तयारी दाखवली, दिलगिरी व्यक्त केली, आणि तिच्या प्रवासाच्या कागदांवर सही करायला मात्र ठाम नकार दिला. मंदाकिनीने वाद घातला नाही.

तिने कलावतीला येऊरच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर गाठून सांगितलं. कलावती ऐकत राहिली. तिच्या हातातला चहा निवला. मंदाकिनी वाट बघत होती. कलावती म्हणेल, मग मीपण नाय जात. तिने तसं म्हटलं असतं तर मंदाकिनीने तिला दटावून पाठवलंच असतं. पण तिने एकदा म्हणावं, असं तिला फार वाटत होतं.

"मी जानार हाय, मंदा," कलावती म्हणाली. "वाईट नको वाटून घेऊ."

"जायलाच हवं तू."

"माझ्या खोलीत आता कोन येनार?"

"धनेश बघेल कुणीतरी."

मग मंदाकिनी म्हणाली, "एक मागू? तू नसशील तेवढे दिवस तुझ्या घरी राहू देशील? बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला नको वाटतंय. शाल देऊन बसलेत ते."

कलावतीने तिच्याकडे बघितलं. हसली नाही. "ऱ्हा की. संदेशला सांगते."

ठरलेल्या दिवशी मंदाकिनी पाठीवर सॅक लावून जिना उतरली. मुकुलच्या आईने दह्याची कवडी हातावर ठेवली, दोघा-तिघांनी फोटो काढले. टॅक्सी शीळफाट्याला गर्दीत अडकली. मेचं ऊन काचेतून आत येत होतं, मांडीवर लोकरीची कानटोपी होती. "कुठे, एअरपोर्ट का?" ड्रायव्हरने विचारलं. "नाही, बाळकुम," ती म्हणाली. तेवढं एक खरं उत्तर तिने त्या दिवशी दिलं.

कलावतीचं घर दोन खोल्यांचं होतं. फरशी गार, भिंतीला निळा रंग, मागच्या दाराशी वाळत घातलेलं जुनं जाळं. ओहोटीला खाडीचा वास घरभर यायचा. मंदाकिनीने फोन बंद करून ठेवला, कारण तिबेटमध्ये फोन लागत नाहीत असं ती सगळ्यांना सांगून आली होती. ती झाडायची, केरवारा करायची, कलावतीच्या पितळी डब्यांना चिंच लावायची. संध्याकाळी टॉवरची सावली गल्लीत उतरली की ओट्यावर बसायची. गल्लीतल्या बायका जाता-येता बघायच्या. "कलावतीची पावनी" एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुणी काही विचारलं नाही.

संदेशची बायको प्राची रोज एकदा डोकावायची. पहिल्या दिवशी तिने कालवणाचं भांडं आणलं, आणि मंदाकिनी मासे खात नाही हे कळल्यावर ओशाळून परत नेलं. मग ती भाकऱ्या आणू लागली. "मावशी, करमतं का?" ती विचारायची. मंदाकिनी "हो" म्हणायची.

एके दुपारी प्राची धावत आली. तिच्या हातात फोन होता. "आईंचा कॉल आहे. कुणाच्यातरी फोनवरून केलाय. लवकर बोला, तुटतोय."

पडद्यावर आधी नुसता पांढरा उजेड होता. मग कलावतीचा चेहरा आला, नाक सोललेलं, ओठ फुटलेले. तिच्या हातात मंदाकिनीने दिलेले हातमोजे होते.

"मंदा, हा बग," ती म्हणाली. तिने मोजा काढला, मूठभर बर्फ उचलला आणि फोनसमोर धरला. ती रडत होती. "हा बग." तिच्या मागून कुणी बाई म्हणाली, "चला कलाताई, आपल्याला उशीर होतोय." चित्र तिथेच थिजलं आणि फोन तुटला.

"काय म्हणाल्या?" प्राचीने विचारलं.

"बर्फ दाखवला."

प्राची गेल्यावर मंदाकिनी बराच वेळ मोरीशी उभी राहिली. तिला बर्फाचं काही वाटलं नव्हतं. त्या बाईने 'कलाताई' म्हटलं होतं, ते तिला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यासमोर गुरुदत्त उभा होता. शर्ट घामाने भिजलेला. बहिणीची काही खबर नाही म्हणून त्याने धनेशच्या ऑफिसात फोन केला होता, आणि तिथे त्याला कळलं होतं की मंदाकिनी गेलेलीच नाही. मग तिथूनच कलावतीच्या मुलाचा, संदेशचा नंबर मिळवून, त्याच्याकडून पत्ता घेऊन तो पहाटेच पुण्याहून निघाला होता.

"मी हॉस्पिटलांत फोन केले ताई," तो म्हणाला. "दोन हॉस्पिटलांत."

तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तपासणीचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर घरभर फिरत होती.

"हे सांगायला काय हरकत होती? तब्येतीचंच कारण होतं. कुणी हसलं नसतं."

"माहीत आहे."

"मग?"

मंदाकिनीने पिठलं टाकायला घेतलं. हात कामात असले की तिला बोलता यायचं. पण बराच वेळ नुसता डाव फिरत राहिला.

"ताई, एक विचारू?" गुरुदत्त म्हणाला. "तुला आमच्याकडे यायचं नव्हतं, एवढंच होतं ना ते? कैलास वगैरे?"

"सुरुवातीला तेवढंच होतं."

"मला नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं."

"तुला नाही म्हणायची सवयच नाही रे मला."

दोघं कलावतीच्या फरशीवर बसून पिठलं-भाकरी जेवली. लहानपणी तो पिठल्यावर कच्चं तेल मागायचा, तसं त्याने आजही मागितलं. तिने घातलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "चल, डोंबिवलीला सोडतो. आणि पुण्याचं आता मी विचारणार नाही. सरस्वतीलाही सांगतो."

तिला हवं तेच तो म्हणाला होता. तरी गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता तिला कुणीच कुठे बोलावणार नव्हतं.

इमारतीच्या फाटकाशी तिने त्याला परत फिरवलं. मुकुलची आई भाजी घेऊन येत होती. तिने सॅक बघितली, मंदाकिनीचा चेहरा बघितला.

"अगबाई, इतक्या लवकर? झालं दर्शन?"

"गेलेच नव्हते. डॉक्टरांनी सोडलं नाही. ठाण्याला एका मैत्रिणीच्या घरी राहिले."

मुकुलच्या आईने भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बरं झालं, तब्येत महत्त्वाची," ती म्हणाली आणि लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभी राहून मजल्यांचे आकडे बघत राहिली. शालीचा विषय पुढे कुणीच काढला नाही. काही दिवसांनी तर जिन्यात कुणी कैलासाचंही विचारेना.

कलावती जूनच्या सुरुवातीला परतली. थेट डोंबिवलीला आली, सरोवराच्या पाण्याची बाटली घेऊन. चेहरा काळवंडला होता, कातडी सुटत होती, आणि तिला एका जागी बसवत नव्हतं. 'कलाताई' म्हणणारी ती बाई पुण्याची, तिच्याच खोलीतली, असं तिने सांगितलं. ती रोज आपल्याआधी उठून पाणी तापवून द्यायची, घोरण्याबद्दल एकदाही बोलली नाही. मग एका तिबेटी म्हातारीचं सांगितलं. ती दगडांवर पालथी पडायची, उठायची, जिथवर हात पोचले तिथे पाय ठेवायची आणि पुन्हा पालथी पडायची.

"मी तिला पानी दिलं. तिने मला सुकलेलं चीज दिलं. दगडासारखं कडक. ती तिच्या बुद्धाचं काय बोलत होती, मी माझ्या शंकराचं. एक शबुद कळला नाय. पन आमी दोघी बसलो ग, कितीतरी वेळ."

"मग?" मंदाकिनीने विचारलं.

कलावती बोलायला लागली आणि थांबली. खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या डोळ्यांसमोर जे होतं ते त्या खोलीत नव्हतं.

"जाऊ दे. तुला सांगून नाय कळनार," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दुखवायचं काहीच नव्हतं.

मंदाकिनीने तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले आणि समोर बसली.

"सांग तरी," ती म्हणाली.