फुटक्या तुकड्यांची टोपली

कारखान्याचा मालक टोबायस लेकी याने पहिल्या भट्टीतलं बिस्किट मोडलं, अर्धं मुख्य भटारी कॉन ट्वोमीच्या हातावर ठेवलं आणि अर्धं स्वतःच्या जिभेवर. भट्ट्यांपुढे बाराजण हात पुसत उभे होते. मालकाची मान हलल्याशिवाय एकही डबा भरायचा नाही, हा कारखान्याचा चौदा वर्षांचा रिवाज.

जानेवारीतल्या तापाने टोबायसची चव नेली होती, वासासकट. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मोडतानाचा आवाज आणि कडेचा रंग, एवढ्यावर तो तीन महिने निभावून नेत होता. त्याने मान हलवली. कॉन क्षणभर घुटमळला, मग घास गिळून ओरडला,

"भरा रे डबे!"

क्वेकर पंथाच्या माणसाने शपथ घ्यायची नाही, कारण त्याचं साधं बोलणंच शपथेइतकं खरं असायला हवं, हे टोबायसला बाळकडूतच मिळालं होतं. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी समजूत तो रोज सकाळी स्वतःची घालून घेई.

घाऊक किराण्याच्या दिवसांत कॉर्क शहराच्या लोणीबाजारात त्याच्या नाकाचा दरारा होता. पिंपात खुपसलेली सळई नाकाशी धरली, की लोणी कुठल्या खेड्यातलं आणि किती दिवसांचं, हे तो तिथल्या तिथे सांगे. त्याच भरवशावर त्याने दुकान विकून भट्ट्या बांधल्या. वाण्याने तोलावं, मळू नये, म्हणून लोक हसले; पुढे तेच लोक त्याची बिस्किटं चहात बुडवू लागले. आता ते नाकच गेलं, तर उरलं काय?

दुपारी तो डबे भरणाऱ्या बायकांच्या खोलीत आला. फुटक्या तुकड्यांची टोपली शिगोशीग भरलेली होती. एरवी त्यातलं निम्मं बायकांच्या पोटात आणि खिशात जाई. गेल्याच आठवड्यात त्यावरून त्याने सगळ्यांना झापलं होतं.

"वा! आज कुणी हात नाही लावला. सांगितलेलं कानात शिरलं म्हणायचं."

बायका माना खाली घालून डबे भरत राहिल्या. टोकाला बसलेली नोरा क्रॉली शेजारणीला म्हणाली,

"चोरून खायचं, तरी तोंडाला बरं लागायला हवं ना गं?"

टोबायसने ते ऐकलं. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. भुसा चावल्यासारखं वाटलं, पण तसं तर हल्ली सगळंच वाटे. तो तडक भट्टीवर गेला.

"कॉन, बिस्किट कसं झालंय?"

"तुम्ही मान हलवलीत की, मालक."

"मालक म्हणू नको, आमच्या पंथात कुणी कुणाचा मालक नसतो. बिस्किटाचं विचारतोय मी."

कॉनने हातांचं पीठ उगाचच पुन्हा झटकलं.

"लोणी खवट आहे. मला वाटलं, माझीच जीभ बिघडली. तुमच्या जिभेपुढे माझ्या जिभेची काय मातब्बरी?"

"डबे कुठे आहेत?"

"ब्रिस्टलच्या बोटीवर चढतायत. भरती आली की सुटेल ती."

साठीचा टोबायस जन्मात धावला नव्हता, तसा धक्क्याकडे धावत सुटला. बोटीचा कारकून वैतागला.

"चढवलेले डबे उतरवायचे? कारण काय लिहू?"

टोबायस धापा टाकत होता. शेवटी तो म्हणाला,

"लिही, टोबायस लेकीला चव कळत नाही."

भोवतीचे हमाल थबकले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या सकाळी नव्या लोण्याची पहिली भट्टी निघाली. टोबायसने बिस्किटं स्वतः मोडून टोपलीत भरली आणि टोपली बायकांच्या मेजावर नेऊन ठेवली. कॉन दारात उभा राहिला.

"खा," टोबायस म्हणाला.

एकही हात हलला नाही.

"अगं, मीच सांगतोय ना?"

"तुम्ही बघताय ना पण," नोरा म्हणाली. "मालकाच्या डोळ्यांदेखत खाल्लेलं कुणाला गोड लागतं?"

टोबायस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रार्थनासभेत देवाशी बोलायला उठल्याखेरीज कुणापुढेही न उतरलेली टोपी त्याने काढली आणि दोन्ही हातांत धरली. मग मागे टोपलीत काहीतरी खुडबुडलं आणि एक तुकडा मोडल्याचा आवाज आला.

टोपलीत दुसरा हात शिरायची वाट बघत तो तसाच उभा राहिला.