पाठ फिरवलेला एडका

सोनाजीनं रिमोटवरचे दोन्ही अंगठे उचलले तेव्हा मला वाटलं, याला चक्कर आली. फायनलची अठरा सेकंदं उरली होती. जाड प्लास्टिकच्या पिंजऱ्यात आमच्या रोबोनं पुण्याच्या टीमच्या रोबोचं एक चाक उडवलं होतं आणि पुण्याचा रोबो आमच्याकडं पाठ करून कोपऱ्यात लंगडत होता. अजून एक धडक दिली की स्पर्धा आमची होती. आणि आमचा ड्रायव्हर मात्र हात वर करून पंचांकडं बघत उभा.

मी त्याचा दंड धरून हलवला, मार म्हटलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "फहमिदा, पाठ फिरवली त्यानं. संपलं."

काहीही संपलं नव्हतं. रोबोला कसली पाठ आणि कसलं पोट! पुण्याच्या पोरानं आपला रोबो तसाच मागच्या मागं आणला, आणि त्याच्या शेपटाकडचं फिरतं पातं आमच्या कुशीत घुसलं. बॅटरीतून धूर आला. पंचांनी दहा आकडे मोजले, आमचा एडका जागचा हलला नाही. टाळ्या पुण्याला पडत होत्या.

रोबोचं 'एडका' हे नाव सोनाजीनंच ठेवलेलं. तो लासूर स्टेशनकडच्या मेंढपाळांच्या घरातला. त्याचे आजोबा मल्हारराव टकरीचे एडके पाळायचे. टकरीत एडक्यानं पाठ फिरवली की तो हरला; मग जिंकणाऱ्याचा मालक आपला एडका शिंगाला धरून मागं ओढतो, पुढं मारू देत नाही. हे मला सामन्यानंतर कळलं. आधी कळलं असतं तर रिमोट मीच घेतला असता. वायरिंग माझी होतीच, थोडी अक्कलही होती.

हरल्याचं मला एवढं नव्हतं. पण कडुबा सरांचं काय? ते आमच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपचे कंत्राटी शिक्षक. एडक्याच्या तोंडावरचा फिरता ड्रम त्यांनी स्वतः लेथवर उतरवला होता. साल दोन हजार अकरा. वाळूजच्या कारखान्यांत नव्या नव्या मशिनी येत होत्या आणि आमच्या प्राचार्यांना त्या शिकवणारा डिग्रीवाला हवा होता. जिंकून आलात तर कडुबांचं कंत्राट वाढवतो, नाहीतर सोमवारी वर्कशॉपची किल्ली ऑफिसात, असं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सोनाजीनंही ते ऐकलं होतं. म्हणून तर माझं डोकं फिरलं.

मांडवाच्या मागं सर एडक्याचे नटबोल्ट काढत बसले होते. त्यांच्यासमोरच मी सोनाजीला नाही नाही ते बोलले. सरांच्या पोटावर पाय दिलास, एवढीच दया येते तर मेंढ्या राख जा, असंही म्हणाले.  तो सरांकडं वळून म्हणाला, "चुकलं माझं सर. हातच चालला नाय. पाठ फिरवल्यावर मारत नाहीत आमच्यात."

"म्हाइतंय," सर म्हणाले. "आमच्या गावातबी ह्योच नियम व्हता. एडक्याला."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि दोन वर्षांत कधी काढला नव्हता तो विषय काढला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. सरांची वस्तीही पेटली. अकरा वर्षांचे सर बापाचा हात धरून बाजरीतून पळत होते. मागून बापाच्या पाठीत कुऱ्हाडीचा दांडा बसला. बाप पडला तरी दांडा थांबला नाही. मारणाऱ्याला सरांनी ओळखलं. दरसाल जत्रेतल्या टकरीला तोच पंच असायचा. पाठ फिरवलेल्या एडक्याला कुणी धडक देऊ दिली, की भल्याभल्यांना दरडावायचा.

  नामांतराचं मी शाळेत ऐकलं होतं, विद्यापीठाच्या गेटवरचं नाव रोज बसमधून वाचत होते. त्या नावापायी ज्याच्या बापानं मार खाल्ला तो माणूस दोन वर्षं मला लोखंड घासायची फाइल कशी धरायची ते शिकवत होता आणि मला पत्ता नव्हता.

सोनाजी खालीच बसला. त्यानं कसंबसं विचारलं, तुमच्या नोकरीचं आता कसं.

"नोकरी गेली," सर म्हणाले. "वाईट वाटतंय, लई वाटतंय. पर तू अंगठे उचलले तवा मी तुझ्या हाताकडंच बघत व्हतो. त्या दिवशी तसा एक हात पायजे व्हता."

सोनाजी ढसाढसा रडायला लागला. माझा राग गेला नव्हता, खोटं कशाला सांगू. फक्त तो सोनाजीवरचा उरला नव्हता.